मागच्या लोअर लिंक 11 मिमीने वाढवल्या, आता ड्राइव्हशाफ्ट सुटतोय

ठाणे_क्रॉलर:
नमस्कार मंडळी. माझी 1/10 स्केलची क्रॉलर (खडकांवर चढणारी रिमोटची गाडी), व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 313 मिमी. 324 ची बॉडी बसवायची म्हणून मागच्या दोन्ही लोअर लिंक (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारे खालचे दांडे) 11 मिमीने लांब केल्या. नागदेवीतून 6 मिमीचा अ‍ॅल्युमिनियम रॉड आणला, 2.5 चं ड्रिल मारून एम3 चे आटे पाडले. लिंक मस्त झाल्या. पण रविवारी ओहोटीला वांद्र्याच्या बँडस्टँडच्या खडकांवर नेली, तर मागचं चाक खाली लोंबलं की ड्राइव्हशाफ्टचे (गिअरबॉक्समधून अ‍ॅक्सल फिरवणाऱ्या दांड्याचे) एकमेकांत सरकणारे दोन भाग वेगळे होतात. दोनदा तिथेच जोडला. त्यानंतर चढावर कटकट आवाज यायला लागला. लांब शाफ्ट घेतला की भागेल का? लेकीने आणि मी दीड महिना बसून ही गाडी बांधली आहे, म्हणून विचारतोय.

कुर्ला_आरसी:
स्टीलचा लांब शाफ्ट टाका, विषय संपला.

दगडफूल:
दादा, शाफ्टचे पैसे लगेच खर्च करू नका. वरच्या लिंक जुन्याच आहेत ना? मग अ‍ॅक्सलची खालची बाजू 11 मिमी मागे गेली, वरची जागेवर राहिली. अ‍ॅक्सल फिरला आणि पिनियनचं (अ‍ॅक्सलमधल्या ज्या गिअरला शाफ्ट जोडतो त्याचं) नाक खाली झुकलं. शाफ्टच्या टोकाचा जॉइंट आता जास्त वाकतोय. साधा युनिव्हर्सल जॉइंट 30 अंशांत वाकला, तर प्रत्येक फेऱ्यात जॉइंटच्या पलीकडच्या शाफ्टचा वेग दोनदा 13 टक्क्यांनी पडतो आणि दोनदा 15 टक्क्यांनी वाढतो. हा झटका रद्द व्हायला दोन गोष्टी लागतात: पिनियन गिअरबॉक्सच्या आउटपुटला समांतर हवा, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे (जॉइंट धरणाऱ्या दुबेळक्याचे) कान एका रेषेत हवेत. तुम्ही खडकावर घाईत जोडलात, तेव्हा कान आडवे बसले असण्याची मला जास्त शंका आहे. आवाज त्यानंतरच सुरू झाला, असं तुम्हीच लिहिलंय.

वरच्या लिंक लांब करून पिनियन आधी समांतर आणा. मगच शाफ्ट मोजा, कारण नाक वर आलं की ते मापही बदलतं. मागचे दोन्ही शॉक काढा, पण शॉक लावलेले असताना अ‍ॅक्सल वर-खाली कुठवर जातो त्याची खूण आधी करून ठेवा. मग त्या खुणांपर्यंत हाताने अ‍ॅक्सल खाली ओढा, वर दाबा, एक चाक वर एक खाली असा पिळा. पूर्ण खाली असताना मी निदान 10 मिमी भाग आत अडकलेला ठेवतो. पूर्ण वर दाबल्यावर तळाला 2 मिमी तरी मोकळी जागा हवी, नाहीतर शाफ्ट गिअरबॉक्सवरच ठोकतो. पिनियनवर ग्रब स्क्रू (शाफ्ट घट्ट धरणारा बिनडोक्याचा स्क्रू) बसतो तिथे कानशीने सपाट जागा करा आणि निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावा.

आणि बँडस्टँडहून आल्यावर गोड्या पाण्याने धुवून बेअरिंग सुकवा. तिथल्या खाऱ्या पाण्यात माझी एक बेअरिंगची जोडी आठवड्यात गंजली.

ठाणे_क्रॉलर:
कान खरंच 90 अंशांत आडवे होते! ते सरळ केल्यावर आवाज बराच गेला. वरच्या लिंक वाढवल्यावर उरलेलाही गेला. शॉक काढून मोजलं, पूर्ण खाली फक्त 4 मिमी आत राहतो. लांब शाफ्ट लागेलच, पण आता किती लांब ते माप हातात आहे. लेकीने वहीत लिहून ठेवलंय.