खुब्याचं ऑपरेशन आणि जांघेतला ब्लॉक : खान्देशकरांनो, तुमचा अनुभव लिहा

तापीकाठ, जळगाव

कानबाईच्या रोटांसाठी गहू निवडून झाले, सासूबाई हातपाय धुवायला मोरीत गेल्या आणि पाय सटकला. वय 78. उजवा खुबा मोडला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे पायाला पट्टा गुंडाळून खाली वीट लटकवली आणि इंजेक्शनं सुरू केली. हृदयासाठी त्या क्लोपिडोग्रेल घेतात, रक्त पातळ करणारी गोळी. त्यामुळे मणक्यात भूल लगेच देता येणार नाही, काही दिवस थांबा, असं सांगितलं.

ते थांबणं मी विसरणार नाही. डायपर बदलायला दोघी-तिघी लागायच्या आणि कूस वळवली की निघणारी किंकाळी अख्ख्या वॉर्डला ऐकू जायची. दुखण्यावरचं ट्रामाडॉल दिलं की उलट्या. उलट्यांच्या भीतीनं त्यांनी जेवण सोडलं, मग पाणीही नको म्हणायला लागल्या. दुसऱ्या रात्री भलतंच बोलू लागल्या. आखाजी, झोक्यांचा सण, होऊन तीन महिने झाले होते आणि त्या निंबाला झोका बांधायला सांगत होत्या, वारलेल्या बहिणीला हाका मारत होत्या. मला ओळखलं नाही.

तिसऱ्या दिवशी जळगावला आणलं. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी एक्स-रे आणि गोळ्यांची यादी पाहिली आणि म्हणाल्या, "ऑपरेशन कधी करायचं ते बसून ठरवू. दुखणं आत्ता थांबवू." सोनोग्राफीचं यंत्र जांघेवर ठेवून त्यांनी एक इंजेक्शन दिलं. वीस-पंचवीस मिनिटांनी नर्सनं कूस वळवली. मी कानावर हात न्यायच्या बेतात होते. सासूबाई ओरडल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बेटा, तू जेवनी का?"

नसा बधिर करणाऱ्या या इंजेक्शनला ब्लॉक म्हणतात. हे नाव मला ठाऊक असतं तर मी ते पहिल्याच दिवशी मागितलं असतं. म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्या घरी कोणाचा खुबा मोडला असेल, सांधा बदलला असेल, तर लिहा. ब्लॉक कधी दिला, किती तास टिकला, उतरल्यावर काय झालं, पायात ताकद राहिली का. बिघडलं असेल तर तेही लिहा.

लाल सिग्नल, भुसावळ

मी स्वतः पेशंट. रेल्वेतून निवृत्त, वय 66. सांधा झिजला होता म्हणून ठरवून डावा खुबा बदलला. मणक्यातली भूल दिली आणि नंतरच्या दुखण्यासाठी जांघेत ब्लॉक. इंजेक्शन देताना आधी गार जेल, मग एक टोचणी, मग आत काहीतरी भरल्यासारखा दाब. एवढंच. मणक्याची भूल तीन तासांत उतरली, पाय हलायला लागला, पण खुब्यात दुखणं नव्हतं. संध्याकाळी चहा-बिस्कीट खाल्लं. शेजारच्या खाटेवरचा माणूस कण्हत होता आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो.

आता चूक सांगतो. रात्री दीडच्या सुमारास लघवीला लागली. पोरगा खाली सतरंजीवर झोपलेला, दिवसभर धावपळ करून थकलेला. त्याला उठवायला जीव झाला नाही. दुखत नाही म्हणजे पाय आपला आहे असं समजून मी उतरलो आणि गुडघा खालून निघूनच गेला. वॉर्डबॉय दारातच होता, त्यानं काखेत हात घालून धरलं. नवीन सांध्यावर पडलो असतो तर पुन्हा टेबलावर गेलो असतो. सकाळी डॉक्टरांनी समजावलं की जी नस दुखणं नेते, तीच मांडीच्या स्नायूला गुडघा ताठ धरायला सांगते. ती झोपली की दोन्ही कामं बंद. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ब्लॉक दिलाय असं कळलं की उतरायच्या आधी माणसाला उठवा, कितीही गाढ झोपलेला असो.

वांग्याचं शेत, अमळनेर

आमच्या जिभाऊंना दिला होता. मांडीत रॉड टाकला. पुढून आणि बाजूनं आराम होता, पण मागे कुल्ल्यात आणि आतल्या बाजूला दुखतच होतं. पहिल्या रात्री सलाईनमधून औषध द्यावंच लागलं. निम्मा फायदा झाला म्हणा. पण त्या निम्म्यातही ते वाटीभर मुगाची खिचडी जेवले.

भूल देणारा, धुळे

हे माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

खुब्याच्या सांध्याकडून आणि मांडीच्या कातडीकडून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या महत्त्वाच्या नसा पुढच्या बाजूनं येतात: फिमोरल, ऑब्च्युरेटर, आणि मांडीच्या बाहेरच्या कातडीची एक नस. फॅशिया इलियाका ब्लॉकमध्ये आम्ही नसेत सुई घालत नाही. नसा ज्या पातळ पडद्याखालून जातात, त्याच्या खाली 30 ते 40 मिली पातळ केलेलं ब्युपिव्हकेन किंवा रोपिव्हकेन हे बधिर करणारं औषध सोडतो. वाफ्याच्या तोंडाशी सोडलेलं पाणी सरीसरीनं पुढे जावं, तसं ते पसरत जातं. कधी शेवटची सरी कोरडी राहते. ऑब्च्युरेटर नस अशी पुष्कळदा सुटते आणि मागच्या नसा तर या वाटेवर नाहीतच. अमळनेरच्या जिभाऊंना मागे आणि आत दुखलं त्याचं कारण हे. म्हणून ब्लॉकबरोबर ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल चालू ठेवायचं असतं, दुखेल तेव्हा बघू असं नाही.

ही पद्धत 1989 मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी लहान मुलांसाठी मांडली. 2018 मध्ये टोरांटोहून पेंग ब्लॉक आला. त्यात सांध्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच बधिर करतात, त्यामुळे मांडीची ताकद बरीचशी राहते. भुसावळच्या काकांच्या बाबतीत जे झालं, त्याचा धोका त्यात कमी, पण शून्य नाही. आधार धरूनच उठायचं.

तापीकाठ ताई, सासूबाईंबद्दल. भ्रम होणं हे वयाचं वेड नव्हे. न थांबणारं दुखणं, उपास, पाणी कमी पडणं, झोप नाही, वर अफूच्या जातीची औषधं, या सगळ्यांचा मिळून तो परिणाम असतो. खुबा मोडलेल्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2020 मध्ये आला. ब्लॉक दिलेल्यांना हालचालीच्या वेळी अर्ध्या तासात आराम पडला, भ्रम कमी झाला, छातीचा संसर्ग कमी झाला, असं त्यात दिसलं. आणि क्लोपिडोग्रेल चालू असताना मणक्यात सुई टाळतात, कारण तिथे रक्त साचलं तर मज्जारज्जू दबतो आणि बाहेरून दाबायला जागा नसते. जांघेत बोटानं दाबता येतं. म्हणून तिथे विचार करून ब्लॉक देता येतो.

आणखी एक फायदा नातेवाइकांना दिसत नाही. मणक्यातली भूल देताना पेशंटला बसवावं किंवा कुशीवर करावं लागतं. मोडलेल्या खुब्यानिशी ते करणं म्हणजे छळ. आधी ब्लॉक दिला की म्हातारी माणसं शांत बसतात.

सगळीकडे का देत नाहीत, हा प्रश्न येणारच. आम्ही एका दिवसात तीन दवाखान्यांत भूल देतो, पण सोनोग्राफी मशीन पिशवीत घालून फिरवता येत नाही. 1994 च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली ते जागेवर नोंदवलेलं असतं. या कायद्याबद्दल मी तक्रार करणार नाही. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 850 मुलीही नव्हत्या. पण त्याची ही एक किंमत आहे, आणि ती खुबा मोडलेली म्हातारी बाई मोजते.

धोकेही सांगतो. औषध चुकून रक्तात गेलं किंवा वजनाच्या मानानं जास्त झालं, तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, तोंडाला धातूची चव, पुढे झटकेही येऊ शकतात. क्वचित होतं, पण म्हणूनच ब्लॉक मॉनिटर लावूनच द्यायचा आणि त्यावरचा उतारा, इंट्रालिपिड, हाताशी हवं. पेशंटनं असं काही सांगितलं तर "भास होतोय" म्हणून सोडू नका, तिथेच डॉक्टरांना बोलवा.

चालतं पाऊल, शहादा

मी फिजिओथेरपी करते. ब्लॉक दिलेला पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे घाबरलेला येत नाही, हा मला दिसणारा सर्वात मोठा फरक. मी आधी पाठीवर झोपवूनच गुडघा ताठ करून टाच उचलायला सांगते. टाच उचलली तर वॉकर. नाही उचलली तर खाटेवर पाय सोडून बसणं आणि दीर्घ श्वास, उभं करणं दुपारवर. घरचे लोक घाई करतात, "डॉक्टरांनी आज चालवायचं सांगितलंय" म्हणतात. टाच उचलल्याशिवाय मी कोणालाही उभं करत नाही.

डोंगरवाट, धडगाव

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे. वडील महू, म्हणजे मोहाची फुलं, वेचायला गेले आणि बांधावरून पडले. पाड्यापासून रस्त्यापर्यंत बांबूला झोळी बांधून चौघांनी नेलं, पुढे 108 ची गाडी. घाटात प्रत्येक वळणाला वडील माझं मनगट आवळायचे. ओरडले नाहीत, आमच्यात म्हातारी माणसं ओरडत नाहीत. मनगटावर त्यांच्या नखांच्या खुणा आठ दिवस होत्या. न ओरडणाऱ्याला दुखत नाही असं पहिल्या ठिकाणी समजले आणि एक सुई देऊन पुढे पाठवलं.

नंदुरबारला पोचल्यावर एका तरुण डॉक्टरनं खाटेवरच ब्लॉक दिला. मशीन नव्हतं. जांघेवर बोटानं मोजून जागा काढली आणि मला म्हणाला, "दोन टचके लागतात. पहिला वरच्या पडद्याचा, दुसरा नसांवरच्या पडद्याचा. मग औषध." अर्ध्या तासानं वडिलांनी माझं मनगट सोडलं आणि वेचलेली महू कोणी घरी आणली का, ते विचारलं.

केळीबाग, रावेर (सध्या पुणे)

आईचं पुढच्या आठवड्यात आहे, गोळा बदलायचा आहे. ब्लॉकचे पैसे वेगळे पडतात का? आणि दोन दिवसांनी ब्लॉक उतरल्यावर एकदम दुखतं असं ऐकलं, ते खरं का?

भूल देणारा, धुळे

पॅकेजमध्ये आहे की वेगळं, हे ॲडमिट करतानाच विचारा. दवाखान्यागणिक फरक असतो. उतरताना दुखणं एकदम वर येतं, हे खरं. एका इंजेक्शनचा असर साधारण 8 ते 24 तास. दोन दिवस क्वचितच टिकतो. किती वाजता दिला ते कागदावर लिहून घ्या आणि असर जायच्या आधी पुढची गोळी पोटात असू द्या. आईची किडनी कमजोर असेल तर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा थेट विचारा, "जांघेतला ब्लॉक देणार का, आणि नसेल तर का नाही?" राग धरणार नाहीत.

तापीकाठ, जळगाव

सगळ्यांचे लिहिलेले सासूबाईंना वाचून दाखवले. धडगावच्या बाबांचं ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

केळीबाग, आमच्याकडे रात्री तीनला उतरला. मॅडमनी बजावलं होतं म्हणून मी अडीचचा गजर लावला होता, पॅरासिटामॉल चढवून घेतलं. तरी पहाटेपर्यंत त्या कळवळत होत्या, खोटं सांगणार नाही. पण ओळखत होत्या, नावानं हाक मारत होत्या, पाणी मागत होत्या. आधीच्या दोन रात्रींपुढे ती रात्र बरी होती, मी हातात हात धरून काढली.

आज बारावा दिवस. वॉकर धरून त्या ओट्यापर्यंत आल्या आणि तिथे बसून मेथी निवडली. मोरीत धरायला लोखंडी दांडी बसवायची आहे, गवंडी उद्या सकाळी येणार आहे.