फुजिशिमांनी हायड्रोजन सोडून फरशी का धरली?

कॅथोड: १९६७ साल. टोकियो विद्यापीठात केनिची होंडांच्या हाताखाली शिकणाऱ्या अकिरा फुजिशिमांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात बुडवला, समोर प्लॅटिनम ठेवलं आणि स्फटिकावर प्रकाश सोडला. स्फटिकावरून ऑक्सिजनचे बुडबुडे, प्लॅटिनमवर हायड्रोजन! स्फटिक जसाच्या तसा. इतक्या कमी व्होल्टेजला ऑक्सिजन निघेलच कसा, म्हणत विद्युतरसायनातले जाणकार मानायलाच तयार नव्हते. १९७२ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध आला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, मग पाण्यातून इंधन मिळेल म्हणून सगळे धावले. आणि नव्वदच्या दशकात हाच माणूस त्याच पदार्थाचा लेप देऊन स्वच्छ राहणाऱ्या टाइल्स करत बसला! मला हे फार लागतं.

सांडगा: अहो, हिशोब तरी करा. टायटॅनियमचे पत्रे बर्नरवर भाजून त्यांनी मोठे इलेक्ट्रोड केले, उन्हात मांडले. एका चौरस मीटरला दिवसभरात ७ लिटर हायड्रोजन, कार्यक्षमता ०.३ टक्के. टिटॅनियाला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडला, अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम काही टक्के. तो पदार्थाचा स्वभाव आहे, संशोधकाने कितीही हट्ट केला तरी बदलणार नाही.

कॅथोड: मग पदार्थ बदलायचा! हे दालन ज्यांनी उघडलं, त्यांनीच पुढे जायला हवं होतं.

तिसरा मजला: मी याच विषयात काम करते. दिवा लावल्यावर इलेक्ट्रोडवर पहिला बुडबुडा चिकटतो, वाढतो, सुटतो, तेव्हा अजून अंगावर काटा येतो. त्यामुळे कॅथोड यांची तळमळ कळते. पण फरशीला कमी लेखू नका. इंधनाला ढीगभर ऊर्जा लागते. टाइलवरचे जंतू मारायला किंवा मळाचा पातळ थर जाळायला खोलीतला मंद अतिनील प्रकाशही पुरतो. फुजिशिमा आणि त्यांचे सहकारी हाशिमोतो यांनी हीच मेख ओळखली. शस्त्रक्रियेच्या खोलीत अशा टाइल्स बसवल्यावर भिंतीवरचे जंतू जवळपास नाहीसे झाले. १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: प्रकाश पडला की या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब उभाच राहत नाही, पसरतो. म्हणून आरसा धुकट होत नाही. हे मूलभूत विज्ञान नाही?

कॅथोड: आहे, मान्य. तरी होंडांबरोबर २००४ मध्ये जपान प्राइझ मिळालं ते पाणी फोडण्यासाठी की टाइलसाठी?

सांडगा: दोन्हींसाठी. आणि २०२१ मध्ये, ऐंशीला टेकलेले असताना, ते आपला चमू घेऊन शांघायला गेले. सोबत विषय तोच, टिटॅनिया.