आतड्यात गाठ, बायोप्सीत कॅन्सर नाही, तरी ऑपरेशन करायचं का?

रामबागची सून:
नमस्कार, इंदूरहून लिहितेय. ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झाली. किडनी वन्संनी दिली. क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) 1.4 वर टिकून होतं. महिनाभर जुलाब, कसकस, वजन 71 वरून 64. आधी वाटलं, सराफ्यात (इथली रात्रीची खाऊगल्ली) चोरून काही खाल्लं असेल. (खाल्लंच होतं, भुट्टे का कीस. नंतर कबूल केलं.) मग शौचातून रक्त पडलं. कोलोनोस्कोपीत सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, चार सेंटिमीटरची गाठ दिसली, वर व्रण. सीटीतही कॅन्सरचीच शंका. बायोप्सीत मात्र नुसती सूज नि व्रण, कॅन्सरच्या पेशी नाहीत. सर्जन म्हणतात, तुकडा नेमक्या जागचा आला नसेल, उजवीकडचं आतडं काढून टाकू. सोमवारची तारीख दिलीय. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवलेत. थांबावं का?

मांडवीकर, वडोदरा:
वहिनी, आमच्या काकांना अगदी तिथेच गाठ होती. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या, ऑपरेशन टळलं. टीबीची तपासणी झालीय का?

काचपट्टी (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट):
टीबी बघायलाच हवा. पण सूनबाई, बायोप्सीबरोबर फॉर्म जातो ना, त्यावर ट्रान्सप्लांटचा उल्लेख आहे का ते आधी बघा. सायटोमेगॅलो म्हणजे सीएमव्ही हा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून निपचित पडून असतो. ट्रान्सप्लांटनंतरच्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की जागा होतो. आतड्यात व्रण करतो, आणि क्वचित सूज इतकी वाढते की हुबेहूब गाठ दिसते. काचपट्टीवर ती पेशी फुगलेली, मधोमध गडद गोळा, भोवती पांढरं कडं, घुबडाच्या डोळ्यासारखी. पण दहा तुकड्यांत अशा दोनच असतील, तर साध्या रंगात नजरेतून सुटतात. सीएमव्हीची इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे नेमका तो विषाणूच रंगवून दाखवणारी तपासणी, करायला सांगा. तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये असतो, त्यातूनच होते, बहुधा पुन्हा नळी घालावी लागत नाही. रक्तातली पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली तरी आतड्यात तो असू शकतो, तेवढ्यावर विसंबू नका.

सडेतोड:
इथल्या सल्ल्यावर ऑपरेशन पुढे ढकलू नका हो. खरा कॅन्सर असला तर?

काचपट्टी:
बरोबर, परस्पर ढकलायचं नाहीच. किडनीच्या डॉक्टरांना सर्जनशी बोलायला लावा. पोट कडक झालं, दुखणं वाढलं किंवा रक्त जास्त पडलं, तर थांबायचंच नाही.

रामबागची सून:
फाइलमध्ये फॉर्मची झेरॉक्स सापडली. हिस्ट्रीच्या रकान्यात फक्त एवढंच: "सीकममध्ये गाठ, कॅन्सर?" किडनीचा क सुद्धा नाही! कोलोनोस्कोपीच्या दिवशी मीच सगळं तोंडी सांगितलं होतं, तिथल्या मुलाने लिहूनच घेतलं नाही. उद्या सकाळी किडनीच्या डॉक्टरांकडे जातेय.

रामबागची सून (नऊ दिवसांनी):
सीएमव्ही पॉझिटिव्ह! टीबी नाही. ऑपरेशन तूर्त रद्द. दर 12 तासांनी गॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध सलाईनमधून चालू आहे, डोस क्रिएटिनिन बघून ठरवतात. मायकोफेनोलेट कमी केलंय, पण किडनी नाकारली जाईल म्हणून पूर्ण बंद नाही. गॅन्सिक्लोव्हिरने पांढऱ्या पेशी घसरतात म्हणे, म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) सारखी करावी लागते. जुलाब दहाचे तीन झालेत. वन्सं रोज फोन करून आधी "माझी किडनी कशी आहे?" विचारतात, भावाचं नंतर.

काचपट्टी:
छान. पण कोर्स संपल्यावर पुन्हा कोलोनोस्कोपी कराच. गाठ विरली नाही, तर परत तुकडा घ्यायचा. सीएमव्ही सापडला म्हणून शेजारी कॅन्सर नसेलच असं नाही.

रामबागची सून:
हो काका, सहा आठवड्यांनंतरची तारीख घेतलीय. या वेळी फॉर्म मीच भरणार, मोठ्या अक्षरात. सासूबाई मात्र देव बाहेर काढायला तयार नाहीत, म्हणतात, गाठ गेल्याचं कागदावर येऊ दे.