डायक्लोफेनॅक आणि पँटोप्राझोल: आधी कोणती गोळी?

गुडघेदुखी: आईला डायक्लोफेनॅक ५० (वेदनाशामक) आणि पँटोप्राझोल ४० (पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी) दिलंय. ती दोन्ही जेवणानंतर एकत्रच घेते, तरी जळजळ होतेच. भरल्या पोटी घेऊनही असं का?

औषधवाला: पँटोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, साध्या पाण्याबरोबर. ते जठरात आम्ल सोडणारे, चालू असलेले पंपच बंद करतं आणि पंप चालू होतात खाण्यामुळे. जेवणानंतर घेतलं की उपयोग कमी होऊ शकतो. गोळी चघळू किंवा कुटू नका. वरचं आवरण फुटलं तर औषध जठरातच नासतं. पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात.

कट्टेकरी: मग डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेतलं तर पोट वाचेल ना?

औषधवाला: नाही. नुकसान मुख्यतः रक्तातून होतं. हे औषध प्रोस्टाग्लँडिन (जठराच्या अस्तराला जपणारं शरीरातलं रसायन) कमी करतं, त्यामुळे अस्तरावरचा चिकट थर म्हणजे श्लेष्मा आणि आम्ल मारणारं बायकार्बोनेट घटतं. भरल्या पोटी घेतल्याने मळमळ कमी होते, अल्सर टळतोच असं नाही.

मात्रा_बघून: सोबत अ‍ॅस्पिरिन, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर धोका बराच वाढतो, डॉक्टरांना आधी सांगा. आणि 'अंगदुखीची' म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन वेगळी आणू नका, तीही डायक्लोफेनॅकच्याच जातीची. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर थेट दवाखाना. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण सहसा तशी चिकट नसते.