'चांगलं असेल तर लोक शेअर करतातच' हे आता पुरे!

शाईदौत
काल एका पोस्टमध्ये वाचलं: "कंटेंटमध्ये दम असेल तर तो फिरतोच. फिरत नसेल तर दोष तुमचा." दहा वर्षं कंपन्यांसाठी असाच मजकूर बनवायचं काम करतेय, वाचून डोकं फिरलं. चांगलं आहे म्हणून कोणी काही पुढे पाठवत नाही. चांगलं लोक वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्या पोस्टवर जातात. पाठवतात तेव्हा डोळ्यांसमोर एक माणूस असतो: "हे ताईला हवं होतं."

माझं सगळ्यात जास्त फिरलेलं काम म्हणजे औषधांच्या वेळांचा साधा तक्ता. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने, ठळक मोठी अक्षरं, शेवटी 'गोळी चुकली तर डॉक्टरांना विचारा'. मुलांनी आईवडिलांना पाठवला. त्याच महिन्यात भरपूर खर्च करून फिल्म केली होती. तिचं कौतुक सगळ्यांनी केलं, पाठवली कोणीच नाही.

गच्चीवरचा
एका तक्त्यावरून सिद्धान्त? बर्गर आणि मिल्कमन या संशोधकांचा २०१२चा अभ्यास बघा. न्यूयॉर्क टाइम्सचे सुमारे ७,००० लेख तपासले. अचंबा, राग, धास्ती वाटायला लावणारे लेख जास्त पाठवले गेले, उदास करणारे मागे पडले. भावना उसळली की हात चालतो. ब्लेंडर बनवणाऱ्या ब्लेंडटेक कंपनीने २००६ मध्ये एका व्हिडिओत आपल्या ब्लेंडरमध्ये गोट्या दळून दाखवल्या, त्या कोणत्या ताईला हव्या होत्या?

शाईदौत
अभ्यास अर्धाच सांगताय. उपयोगी लेखही जास्त पाठवले गेले, असं त्यातच आहे. आणि मोजलं होतं ते ई-मेल करणं. ई-मेल कोणाला तरीच करतात ना?

कोरडी विहीर
रागाच्या नादी लागू नका, एवढंच सांगते. आम्ही लोकांना चिडवणारी एक पोस्ट टाकली. शेअर धो धो झाले. पुढचे पंधरा दिवस मी एकटी शिव्यांना उत्तरं देत बसले होते. विक्री तसूभरही हलली नाही.

तिसरा मसुदा
ते सगळं ठीक, पण त्या तक्त्यावर लोगो केवढा होता? दुखणं तिथंच आहे. माझ्या क्लायंटने तीन फेऱ्यांत "लोगो अजून मोठा करा" म्हणत पाव पान भरवलं. मावशीला कोणी जाहिरात पाठवतं का?

हिशेबनीस
मी कंपनीच्या बाजूला बसतो, म्हणून ऐका. आम्ही लोगो लहान ठेवला, खाली उजव्या कोपऱ्यात. कोणीतरी तो कापला, स्वतःचं नाव चिकटवलं, आणि ते चित्र मला आमच्याच वितरकाने "छान आहे" म्हणून पाठवलं! तुम्ही शेअरचे आकडे दाखवून मोकळे होता. पैसे कुठे गेले, याचं उत्तर मला द्यावं लागतं.

तिसरा मसुदा
"तुम्ही" म्हणजे कोण? मी रात्री दोनपर्यंत बसून तुमच्यासारख्यांच्या दुरुस्त्या केल्यात. नीट बोला.

शाईदौत
कोपऱ्यात होता म्हणूनच कापता आला, हिशेबनीस. गोट्यांच्या व्हिडिओतून ब्लेंडर कापून दाखवा. मिशेलिनने १९०० मध्ये मोटारवाल्यांना मार्गदर्शिका फुकट वाटली. टायर कसा बदलायचा, पेट्रोल कुठे मिळेल, हे सगळं त्यात होतं. टायरवाल्यानेच टायर बदलायला शिकवलं, मग नाव वेगळं चिकटवायला कशाला हवं? तुमचा माल मजकुरातच विणलेला असेल तर कात्री चालत नाही.

गच्चीवरचा
ब्लेंडरचं उदाहरण मी दिलं आणि गेलं तुमच्या पदरात. लोगोपुरतं मान्य. पण गोट्या लोकांनी अचंब्यापोटीच पाठवल्या, तिथून मी हलणार नाही.

शाईदौत
अचंबा हवाच, नाही कुठे म्हटलं? तो वाटला की आधी कोणाला दाखवावंसं वाटतं, तो माणूस लिहिण्याआधी ठरवा, एवढंच म्हणतेय.

कोरडी विहीर
हिशेबनीस, आकड्यांचंही एक बघा. खासगी मेसेजमधून काय फिरलं, ते तुमच्या अहवालात बहुतेक दिसतच नाही. तुमच्या वितरकाने पाठवलेलं चित्र कुठे मोजलं गेलं?

हिशेबनीस
कुठेच नाही, हे खरं. मसुदा, आवाज चढला, माफ करा. पुढचा तक्ता आमच्या यंत्राच्या बटणांवरूनच बांधतो, कोपरा रिकामा ठेवून. सोमवारी साहेबांपुढे ठेवणार आहे. नाकारला तरी इथे येऊन सांगेन.