सोया : आहार की औषध?

धागा – कडधान्यप्रेमी
रोज २५ ग्रॅम सोया प्रथिनांनी हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो, असं पाकिटावर छापायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये परवानगी दिली. पुढच्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे आले नाहीत म्हणून २०१७ मध्ये त्यांनीच ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. तरीही मी सोयाच्याच बाजूने आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ३-४ टक्केच उतरतं, पण लाल मांसाच्या जागी सोया आलं की संतृप्त चरबीही घटते. फायदा या अदलाबदलीत आहे.

चिकित्सक
असहमत. अदलाबदलीचाच फायदा असेल तर श्रेय सोयाला कशाला? मसूर, हरभरा खाऊनही चरबी घटेल. थायरॉइडचा मुद्दा तर तुम्ही गाळलातच. लेव्होथायरॉक्सिनच्या (थायरॉइडचं संप्रेरक कमी पडतं तेव्हा देतात त्या) गोळीबरोबर सोया दूध घेतलं की औषध नीट शोषलं जात नाही. डोस तोच, तरी टीएसएच (औषध कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) चढतो.

कडधान्यप्रेमी
@चिकित्सक, त्यासाठी सोया सोडायची गरज नाही. गोळी रिकाम्या पोटी, सोया निदान ४ तासांनी, आणि रोज साधारण सारख्याच प्रमाणात. आज भरपूर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं केलं तर डॉक्टरांना डोस बसवणं कठीण जातं. मसुरीत प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनमध्ये सुमारे ३६, शिवाय सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं. हा फरक लहान नाही.

चिकित्सक
प्रथिनांचं मान्य. पण आयसोफ्लेव्होनच्या (सोयातले इस्ट्रोजेनसारखे घटक) गोळ्यांचं काय? पाळी जाण्याच्या काळातल्या गरम झळांवर त्या सर्रास सुचवल्या जातात. डेडझीन या आयसोफ्लेव्होनपासून इक्वोल हा जास्त प्रभावी घटक बनवणारे जिवाणू प्रत्येकाच्या आतड्यात नसतात, त्यामुळे एकीला गुण येतो, दुसरीला नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी तर या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊच नयेत.

कडधान्यप्रेमी
गोळ्यांबद्दल पूर्ण सहमत. माझं म्हणणं टोफू, सोया दूध, उकडलेले दाणे यांच्यापुरतं आहे. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन घटतं ही भीती मात्र अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत टिकलेली नाही.

पाकशास्त्र
दोघांनीही शिजवण्याबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि पोटाच्या बऱ्याच तक्रारी तिथूनच येतात. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिनं नीट पचत नाहीत. दाणे ८ ते १२ तास भिजवा, पाणी फेकून द्या (गॅस करणाऱ्या शर्करा थोड्या त्यातच जातात) आणि बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. नुसते वरवर भाजून केलेलं पीठ आतून कच्चंच राहतं. दाण्यातल्या फायटेट या घटकामुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून जेवताना लिंबू पिळा. सोयाची ॲलर्जी असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, सोया पूर्ण वर्ज्य.