ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला, रिपोर्टभर ‘आर’: आता कोणते औषध?

प्रश्न (रुग्णाची सून):
माझे सासरे आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आयसीयूमध्ये आहेत. मानेतल्या शिरेत सेंट्रल लाइन घातल्यावर काही दिवसांनी त्यांना थंडी वाजून ताप आला आणि ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए हा जंतू निघाला. मेरोपेनेमसकट जवळजवळ सगळ्या प्रतिजैविकांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध जंतूवर चालत नाही) आहे, कोलिस्टिनपुढे तेवढे ‘आय’ (इंटरमीजिएट, म्हणजे मधला शेरा) लिहिले आहे. हा संसर्ग लाइनमुळे झाला का, आणि आता औषधच उरले नाही असे समजायचे का?

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉक्टर):
तसे मुळीच समजू नका. अमेरिकेतील सीएलएसआय या संस्थेच्या 2020 पासूनच्या निकषांत कोलिस्टिनसाठी ‘एस’ (ससेप्टिबल, म्हणजे औषध चालते) हा वर्गच ठेवलेला नाही, त्यामुळे ‘आय’ हाच तेथे मिळू शकणारा सर्वांत चांगला शेरा आहे. मात्र हे औषध किडनीला इजा करू शकते, म्हणून त्याच्यावरच विसंबण्याआधी जंतूकडे प्रतिजैविके तोडणारे कोणते एन्झाइम आहे हे तपासले का, ते डॉक्टरांना आजच विचारा. ओएक्सए-48 हे एन्झाइम असेल तर सेफ्टाझिडिम-अविबॅक्टम हे जोड-औषध बहुधा चालते. एनडीएम हे एन्झाइम असेल तर ते औषध एकटे पुरत नाही. त्याला अ‍ॅझ्ट्रिओनामची जोड देतात, कारण एनडीएमला अ‍ॅझ्ट्रिओनाम तोडता येत नाही आणि ते तोडणाऱ्या बहुतेक इतर एन्झाइमांना अविबॅक्टम अडवते.

लाइनबद्दल म्हणाल, तर लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी सारख्याच प्रमाणात रक्त तपासणीसाठी घेतले असेल आणि लाइनमधल्या रक्ताच्या बाटलीत जंतूंची वाढ किमान दोन तास आधी दिसली असेल, तर संशय लाइनवर जातो. पोटाची शस्त्रक्रिया झालेली असल्याने आत पू साठला आहे का, हेही पाहायलाच हवे. तो काढल्याशिवाय कोणतेही प्रतिजैविक पुरे पडत नाही.

उत्तर (आयसीयूतील परिचारिका):
डॉक्टरांचा राउंड होईल तेव्हा ‘ही लाइन अजून लागते का?’ हे रोज विचारा. त्याचा कोणी राग मानू नये. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हात धुणे, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, लाइन घालताना निर्जंतुक गाउन आणि मोठी चादर वापरणे, जांघेतली शीर टाळणे आणि नको असलेली लाइन लगेच काढणे एवढ्याच गोष्टी नेटाने पाळल्या आणि लाइनमुळे होणारे रक्तातील संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत घटले. तो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला; आमच्याकडे मनुष्यबळ अपुरे असते तेव्हा नेमक्या याच गोष्टी आधी सुटतात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ती:
दोघींचे मनापासून आभार. एन्झाइमची तपासणी केलेली नव्हती. विचारल्यावर नमुना पाठवला आहे. लाइन आज काढली आणि उद्या पोटाचे सीटी स्कॅन ठरले आहे.